सोलापुरात जार्दिनिएरा: इटालियन भाज्यांचं लोणचं, आपल्या व्हिनेगरच्या हिशेबानं

इटलीच्या उत्तर भागात, विशेषतः पिएमोन्ते आणि एमिलिया या प्रांतांत, मळ्यातल्या भाज्या व्हिनेगरमध्ये घालून बरण्या भरून ठेवायची जुनी रीत आहे. या लोणच्याला जार्दिनिएरा म्हणतात. शब्दाचा अर्थ माळीण. फ्लॉवर, गाजर, ढोबळी मिरची, बारके कांदे, घेवडा, सेलरी अशा मळ्यात मिळतील त्या भाज्या त्यात असतात. ना तिखट, ना लोणच्याचा मसाला, ना तेलाचा तवंग. चव आंबट, किंचित गोडसर, आणि दाताखाली भाजी करकरीत लागली पाहिजे. ती मऊ लागली तर बाकी सगळं जमूनही लोणचं फसलं म्हणायचं.

सोलापुरात यासाठी लागणारं जवळजवळ सगळं मिळतं. अडचण येते ती व्हिनेगरची, आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

आधी बाटलीमागचा आकडा वाचा

इटालियन कृतीत सरळ लिहिलेलं असतं की निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी. तिथे ते बरोबर आहे. युरोपात द्राक्षाच्या वाइनपासून केलेल्या व्हिनेगरमध्ये किमान ६ टक्के आम्ल असावं लागतं. निम्मं पाणी घातलं की ३ टक्के उरतं. आपल्याकडे किराणा दुकानात जी पांढऱ्या व्हिनेगरची बाटली मिळते तिच्यावर बहुधा ४ टक्के लिहिलेलं असतं. भारतीय नियमाप्रमाणे ३.७५ टक्क्यांचं व्हिनेगरही चालतं. त्यात निम्मं पाणी घातलं की आम्ल २ टक्क्यांच्या आत येतं. मग भाज्यांचं स्वतःचं पाणी सुटतं आणि बरणीतला आंबटपणा आणखी उतरतो. चव मिळमिळीत होते हे एक, पण खरी काळजी टिकण्याची आहे.

भाजी मातीतून येते आणि मातीत बोट्युलिझमचा जंतू असतो. त्याचे बीजाणू साध्या उकळीनं मरत नाहीत. हवा नसलेल्या, कमी आंबट जागी ते रुजतात आणि विष तयार करतात. त्या विषाला वास नसतो, चव नसते. पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असेल तर ते वाढू शकत नाहीत. घरच्या कामात आपण ४ किंवा त्याखालीच राहायचं, म्हणजे चुकीला थोडी जागा राहते.

बरणीत ओतायच्या पाण्यात, म्हणजे व्हिनेगर आणि पाण्याच्या मिश्रणात, ३ टक्के आम्ल हवं, हे धरून हिशेब असा बसतो:

- ६ टक्के व्हिनेगर असेल तर १ भाग व्हिनेगर, १ भाग पाणी
- ५ टक्के असेल तर ३ भाग व्हिनेगर, २ भाग पाणी
- ४ टक्के असेल तर ३ भाग व्हिनेगर, १ भाग पाणी
- ३.७५ टक्के असेल तर ४ भाग व्हिनेगर, १ भाग पाणी

आकडाच लिहिलेला नसेल तर ती बाटली या कामाला घेऊ नका. आंबट फार वाटलं तर साखर वाढवा, पाणी वाढवू नका. साखरेनं चव सौम्य होते आणि आम्ल तेवढंच राहतं.

‘सिंथेटिक, ॲसेटिक ॲसिडपासून तयार केलेले’ असं लिहिलेलं पांढरं व्हिनेगर चालतं का? चालतं. चव थोडी टोकदार असते, पण रंग स्वच्छ राहतो आणि खिशाला परवडतं. सफरचंदाचं व्हिनेगर ५ टक्क्यांचं मिळतं, त्याची चव गोलसर आहे, मात्र फ्लॉवरला पिवळट तपकिरी छटा येते. दोन्ही एकत्र करूनही छान होतं: ४ टक्क्यांचं पांढरं दोन भाग, ५ टक्क्यांचं सफरचंदाचं एक भाग, पाणी एक भाग. सुटं ग्लेशियल (म्हणजे जवळजवळ शुद्ध) ॲसेटिक ॲसिड आणून घरी पातळ करायच्या फंदात मात्र पडू नका. ते कातडी जाळतं, आणि मापात जरा चूक झाली तर घसा आणि अन्ननलिकाही.

कधी करावं आणि मंडईत काय निवडावं

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ. भोगीच्या भाजीसाठी मंडईत गाजर, घेवडा, पावटा यांचे ढीग लागतात, सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेची गर्दी असते, तेव्हाच फ्लॉवरही घट्ट आणि स्वस्त असतो. एप्रिल-मेमधला फ्लॉवर सैल, पिवळसर आणि वासाला उग्र येतो. त्याचं लोणचं करकरीत होत नाही.

पाव लिटरच्या आठ किंवा अर्ध्या लिटरच्या चार काचेच्या बरण्यांसाठी हे प्रमाण. वजन निवडून, चिरून झालेल्या भाजीचं आहे, बाजारातून आणलेल्या नव्हे.

फ्लॉवर ४०० ग्रॅम, गाजर २५० ग्रॅम, ढोबळी मिरची २०० ग्रॅम (लाल-पिवळी मिळाली तर उत्तम), बारके कांदे १५० ग्रॅम, तोंडली १५० ग्रॅम, कोवळा घेवडा किंवा फरसबी १०० ग्रॅम. एकूण सव्वा किलो.

फ्लॉवर हातात जड लागला पाहिजे आणि गड्डा दाबला तर दबता कामा नये. गाजर मध्यम जाडीचं घ्या. जाड गाजराच्या आतला दांडा लाकडासारखा असतो. कांद्यासाठी सोलापूरकरांना लांब जावं लागत नाही. बाजार समितीत कांद्याची आवक सुरू असते त्या दिवसांत गोल्टी कांदा सहज मिळतो. त्यातलेही बोराएवढे निवडून घ्या. सांबाराचे छोटे कांदेही चालतात, फक्त ते पाण्याला जांभळी झाक देतात.

इटलीत यात बारक्या काकड्या असतात. आपली कोशिंबिरीची काकडी वापरली तर चार दिवसांत लिबलिबीत होते, कारण तिच्यात पाणी फार आणि गर सैल. तिच्याऐवजी तोंडली घ्या. हिरवीगार, आतून लाल न झालेली. दोन्ही टोकं कापून उभी दोन फाकं केली की व्हिनेगर आतपर्यंत जातं आणि करकर महिनाभर टिकते. बारीक काकडी मिळालीच तर फुलाकडचं टोक २-३ मिलिमीटर तरी कापून टाका. तिथल्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) काकडी मऊ पडते.

सेलरी मिळाली तर १०० ग्रॅम दांडे घाला आणि फ्लॉवर तेवढा कमी करा. नाही मिळाली तर सोडून द्या. तिच्या जागी नवलकोलाच्या काड्या घातल्या तर वास तो येणार नाही, पण कुरकुरीतपणा भरून निघतो. मुळा घालू नका, अख्ख्या बरणीला त्याचाच वास लागतो. बीट आणि काळं गाजर यांनीही सगळं एका रंगात रंगून जातं, त्यांची बरणी वेगळी करा.

बाकीचं सामान

मीठ: खडे मीठ किंवा सैंधव, पण साधं. आयोडिनचं बारीक मीठ वापरल्यानं धोका काही नाही. ते मोकळं राहावं म्हणून त्यात घातलेल्या पावडरीमुळे पाणी गढूळ होतं, एवढंच. चमच्यानं मोजू नका. खडे मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांच्या वजनात बरंच अंतर पडतं. वजनकाटा नसेल तर किराणा दुकानातूनच ४० आणि २० ग्रॅमच्या पुड्या बांधून आणा.

पाणी: गाळलेलं आणि उकळून गार केलेलं. बोअरचं जड पाणी शक्यतो नको. त्यातले क्षार थोडं आम्ल खातात आणि पाणी पांढुरकं दिसतं.

ओतायचं पाणी १२०० मिलिलिटर लागेल. ४ टक्क्यांच्या व्हिनेगरचं धरलं तर ९०० मिलिलिटर व्हिनेगर आणि ३०० मिलिलिटर पाणी. त्यात २० ग्रॅम मीठ, ५० ग्रॅम साखर, १५-२० काळी मिरी, १ चमचा धणे, अर्धा चमचा बडीशेप, ४ लवंगा, ८ सोललेल्या लसूण पाकळ्या. इटलीत तमालपत्र घालतात ते आपलं नव्हे. तिकडचं पान वेगळ्या झाडाचं. आपल्या तमालपत्राला दालचिनीकडे झुकणारा वास आहे, त्यामुळे घालायचं तर एकच, आणि उकळून झाल्यावर काढून टाका. पिवळी मोहरी असेल तर अर्धा चमचा, काळी मोहरी नको. हळद, हिंग, मेथी घातली की हे आपलं लोणचं होतं. ते चांगलंच लागतं, पण ते हे नव्हे.

भांडं स्टीलचं घ्या. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यांना व्हिनेगर खातं आणि धातू लोणच्यात उतरतो. कल्हई असली तरी नको. बरण्या काचेच्या, झाकणं प्लॅस्टिकची किंवा आतून लेप असलेली. लेप खरवडलेलं, गंजाचा ठिपका असलेलं पत्र्याचं झाकण ठेवू नका.

पहिला दिवस: चिरणं आणि मीठ लावणं

फ्लॉवरचे तुरे अडीच ते तीन सेंटिमीटरचे, साधारण मोठ्या बोराएवढे करा. जाड देठ उभा चिरून बारीक करा, फेकू नका, लोणच्यात तोच जास्त करकरीत लागतो. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर मीठ घालून तुरे वीस मिनिटं बुडवून ठेवा. अळ्या असतील तर वर येतात. मग दोन पाण्यांतून धुवा.

गाजराच्या चकत्या अर्ध्या सेंटिमीटरच्या, सगळ्या सारख्या. इथे घाई करू नका. एक चकती पातळ आणि एक जाड असेल तर पातळ शिजून जाते तेव्हा जाड कच्चीच असते, आणि बरणीत तो फरक नंतर भरून निघत नाही. ढोबळी मिरचीच्या बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा काढून दोन सेंटिमीटरचे चौकोन करा. घेवड्याच्या शिरा ओढून तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. कांदे उकळत्या पाण्यात एक मिनिट टाकून गार पाण्यात घेतले की साल चिमटीत निघून येते. मुळाकडचा भाग जेमतेम खरवडा, जास्त कापला तर कांदा पाकळी-पाकळी होऊन सुटतो.

आता ढोबळी मिरची सोडून बाकी सगळ्या भाज्यांना ४० ग्रॅम मीठ चोळा, वर ताट झाका आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सोलापूरच्या हवेत ओट्यावर रात्रभर ठेवू नका, थंडीतही दुपारी इथे चांगलं ऊन तापतं. सकाळी पातेल्यात पाणी साचलेलं दिसेल. हे पाणी आत्ता निघालं नसतं तर ते बरणीत निघून व्हिनेगर पातळ करणार होतं. कृतीतला हा टप्पा बरेच जण वेळ वाचवायला गाळतात आणि मग पंधरा दिवसांनी लोणचं मऊ आणि फिकं का झालं ते त्यांना कळत नाही.

पाणी ओतून टाका, भाज्या एकदाच गार पाण्यातून काढा, आणि सुती टॉवेलवर पसरा. सोलापुरी टेरी टॉवेल यासाठी अगदी योग्य, पाणी ओढून घेतो. एकच अट, तो साबणाच्या किंवा कपडे सुगंधी करणाऱ्या द्रवाच्या वासाचा नसावा. पंख्याखाली दोन तास. उन्हात नको, भाजी चामट होते.

दुसरा दिवस: शिजवणं आणि भरणं

बरण्या आणि झाकणं साबणानं धुवा. मोठ्या पातेल्याच्या तळाला जुना टॉवेल घालून त्यावर बरण्या ठेवा, पाण्यात पूर्ण बुडवा आणि उकळी आल्यावर १० मिनिटं राहू द्या. टॉवेलमुळे काच तळाला आपटत नाही. बरण्या भरायच्या वेळेपर्यंत त्याच पाण्यात गरम असू द्या.

रुंद स्टीलच्या पातेल्यात व्हिनेगर, पाणी, मीठ, साखर आणि मसाले घाला. झाकण ठेवून उकळी आणा आणि मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा. खिडकी उघडी असू द्या. झाकण काढताना तोंड लांब ठेवा, ती वाफ डोळ्यांत आणि घशात जाते.

सगळ्या भाज्या एकदम टाकू नका. दोन घाण्यांत करा, नाहीतर उकळी बसते आणि परत यायला इतका वेळ लागतो की भाजी तोवर उकडून जाते. एका घाण्याची वेळ अशी: निम्मी गाजरं, कांदे आणि घेवडा टाका. पुन्हा उकळी फुटली की घड्याळ लावा. दीड मिनिटानं फ्लॉवर आणि तोंडली. साडेतीन मिनिटांना ढोबळी मिरची. चार मिनिटांना गॅस बंद, आणि झाऱ्यानं भाजी लगेच ताटात काढा. पातेल्यातच राहिली तर ती गरम पाण्यात शिजतच राहते. गाजराची चकती चावून बघा: बाहेरून नरम पण मध्ये स्पष्ट कडकडीत हवी. शंका आली तर अर्धा मिनिट कमीच ठेवा. बरणीत गरम पाणी पडल्यावर अजून थोडं शिजणार आहे.

भाजीबरोबर लसूणही या पाण्यात उकळून निघते हे महत्त्वाचं. कच्ची लसूण बरणीत वरून टाकू नका.

दुसरा घाणा झाला की पाणी पुन्हा खळखळून उकळा. बरणी बाहेर काढून लाकडी पाटावर किंवा टॉवेलवर ठेवा. थेट कडप्प्याच्या ओट्यावर ठेवली तर गार दगडानं तिला तडा जातो. रंग मिसळून भाजी भरा, ठासू नका. काठापासून दोन सेंटिमीटर जागा सोडा. वरून हे उकळतं व्हिनेगरचं पाणी असं ओता की भाजी एक सेंटिमीटर बुडेल आणि वर एक सेंटिमीटर मोकळं राहील. बांबूची काडी कडेनं आत घालून हलवा, अडकलेली हवा वर येते आणि पाण्याची पातळी उतरते. तेवढं पाणी पुन्हा घाला. काठ पुसा, झाकण लावा. पाणी कमी पडलं तर साधं पाणी ओतू नका, त्याच प्रमाणात थोडं नवीन उकळा.

गार झालं की फ्रिजमध्ये. तीन दिवसांनी खाता येतं, पण आंबटपणा आणि गोडी बसायला दहा ते पंधरा दिवस लागतात. दोन महिन्यांत संपवा. दर वेळी कोरडा, स्वच्छ चमचा, आणि काढल्यावर उरलेली भाजी पुन्हा पाण्याखाली दाबायची.

खात्री करायची असेल तर वैज्ञानिक साहित्याच्या दुकानात पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. दोन दिवसांनी बरणीतून फ्लॉवरचा जाड देठ काढून वाटा आणि त्याच्या रसात पट्टी बुडवा. नुसत्या पाण्यात बुडवून उपयोग नाही, आम्ल भाजीच्या मध्यापर्यंत पोचलंय का हे बघायचं आहे. ४ च्या वर आकडा आला तर ते लोणचं साठवायचं नाही.

फ्रिजबाहेर ठेवता येईल का

आमचं मत: सोलापुरात शक्यतो ठेवू नये. आपल्या कैरीच्या लोणच्याच्या सवयीनं विचार केला की इथे फसायला होतं. कैरीच्या लोणच्यात मीठ भरपूर असतं, कैरी मुळात आंबट, फोडी वाळवलेल्या, वर तेलाचा थर, आणि सगळं मिळून ते वर्षभर टिकतं. जार्दिनिएरात मीठ जेमतेम चवीपुरतं आहे. सगळा भार एकट्या आम्लावर आहे. म्हणून तोंडाला फडकं बांधून, फळीवर बरणी ठेवून चालत नाही.

तरीही ठेवायचंच असेल तर व्हिनेगर ५ टक्के किंवा जास्त घ्या, पाणी व्हिनेगरच्या निम्म्याहून जास्त नको, झाकण घट्ट बसणारं आणि नवं हवं, आणि भरलेल्या बरण्या झाकणावर दोन-तीन सेंटिमीटर पाणी येईल अशा बुडवून उकळा. समुद्रकाठी अशा लोणच्यांना १० मिनिटं पुरतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच आहे, इथे पाणी १०० ऐवजी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं, म्हणून १५ मिनिटं द्या. गार झाल्यावर झाकणाचा मध्य आत ओढलेला दिसायला हवा. नाही दिसला तर ती बरणी फ्रिजमध्ये. एवढं करूनही एप्रिल-मेत, घरातच पारा चाळिशीला टेकतो तेव्हा, बरण्या बाहेर ठेवू नका. भाज्या मऊ आणि तपकिरी होतातच.

तेलातलं लोणचं

अमेरिकेत शिकागोला स्थायिक झालेल्या इटालियन लोकांनी हेच लोणचं हिरव्या मिरच्या घालून तेलात केलं. तिकडे ते बीफच्या सँडविचवर घालतात. आपल्याकडच्या जिभेला ही तऱ्हा लवकर आवडते, पण ती करताना एक नियम मोडू नका: भाजी आधी व्हिनेगरमध्ये किमान आठवडाभर मुरलेली हवी. कच्ची किंवा नुसती उकडलेली भाजी, कच्ची लसूण, ताजी पानं तेलात बुडवून ठेवणं धोक्याचं आहे. तेल हवा बंद करतं आणि आम्ल देत नाही, म्हणजे वर सांगितलेल्या जंतूला हवी तीच परिस्थिती आपण तयार करतो.

मुरलेली भाजी चाळणीत तासभर निथळू द्या. ३०० ग्रॅम भाजीला, तिच्याबरोबरच व्हिनेगरमध्ये मुरलेल्या दोन-तीन हिरव्या मिरच्यांचे तुकडे, अर्धा चमचा सुकं ओरेगॅनो, आणि भाजी बुडेल इतकं तेल. ऑलिव्ह ऑइल फ्रिजमध्ये गोठून पांढरं होतं. ते खराब झालेलं नसतं, पण दर वेळी बाहेर काढून वाट बघावी लागते. रिफाइंड करडई तेल गारव्यातही पातळ राहतं आणि स्वतःची चव पुढे करत नाही, म्हणून इथे तेच सोयीचं. घाण्याच्या शेंगतेलाचा वास या भाज्यांवर बसतो. एका वेळी आठ-दहा दिवसांत संपेल एवढंच तेलात घाला, तेही फ्रिजमध्ये.

मिठाच्या पाण्यात आंबवूनही हे लोणचं करतात. लिटर पाण्याला ४० ग्रॅम मीठ, भाज्या वजनाखाली पूर्ण बुडालेल्या, आणि पाच ते सात दिवस. सोलापुरात ते डिसेंबर-जानेवारीतच जमतं. उन्हाळ्यात दोनच दिवसांत आंबून भाजी गळते. वर पातळ पांढरी साय आली तर काढून टाकता येते. केसाळ, हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर सगळं टाका.

काय बिघडतं आणि का

*लसूण निळी-हिरवी झाली.* लसणीतल्या गंधकाच्या घटकांची आम्लाशी क्रिया होऊन रंग येतो. ताज्या लसणीत जास्त दिसतो. खायला हरकत नाही.

*फ्लॉवर गुलाबी पडला.* त्यातल्या बिनरंगी द्रव्यांना आम्लात रंग येतो. जुना किंवा ऊन लागलेला फ्लॉवर असेल तर हमखास. तोही बिनधोक.

*घेवडा आणि तोंडली शेवाळी रंगाची झाली.* हे होणारच. आम्लात हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा रंग मातकट होतो. हिरवा टिकवायला खायचा सोडा घालायची कल्पना कुणी दिली तर ऐकू नका. सोडा आम्ल मारतो, आणि त्याच आम्लावर बरणी टिकून आहे. चुन्याची निवळीही याच कारणासाठी नको. करकरीतपणा तिच्यानं येतो हे खरं, पण नीट धुतली गेली नाही तर तोच घोटाळा.

*भाजी सुरकुतली.* मीठ किंवा साखर एकदम जास्त पडली, की भाजीतलं पाणी वेगानं बाहेर ओढलं जातं.

*कडवट लागतं.* मसाले फार वेळ उकळले, किंवा लवंगा आणि काळी मोहरी जास्त झाली.

*पाणी गढूळ झालं.* तळाला बारीक पांढरा गाळ बसला असेल, वास स्वच्छ आंबट असेल आणि बुडबुडे नसतील तर मिठाचा दोष. बुडबुडे येत असतील, झाकण फुगलं असेल, उघडताना फस्स आवाज आला, पाणी तारेचं झालं, तर चाखून बघू नका. पिशवीत बांधून टाकून द्या आणि बरणी उकळत्या पाण्यानं धुवा.

कशाबरोबर खावं

इटलीत उकडलेल्या मांसाबरोबर, खारवलेल्या मांसाच्या कापांबरोबर, उकडलेल्या अंड्याबरोबर हे वाढतात. जड, तुपट घासाच्या मध्ये आंबट करकरीत तुकडा, असा त्याचा उपयोग. आपल्या ताटात तीच जागा शोधा. मसाल्याच्या सुक्या मटणाबरोबर फार जमतं, तुपाच्या खिचडीबरोबरही. कडक भाकरीबरोबर खायचं तर भाजी नीट निथळून घ्या, नाहीतर भाकरी पाणी पिऊन लगेच मऊ पडते. शेंगाचटणी आणि हे एका घासात नको, दाण्याचा आणि लसणीचा जोर व्हिनेगरला दाबून टाकतो.

बरणी रिकामी झाल्यावर उरलेलं पाणी दुसऱ्या लोणच्याला वापरता येत नाही. त्यातलं बरंचसं आम्ल पहिल्या भाज्यांनी घेतलेलं असतं. ते गाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत कोबीच्या किंवा कांद्याच्या कोशिंबिरीवर दोन चमचे लिंबाऐवजी घाला.